खणात राहिलेले कान

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहाल तर एखादा मोठा शेंगदाणाच वाटेल. रंग मळकट पिवळा, पाठ वाकलेली आणि अंगातून निघालेली एक बारीक नळी. पुष्कळांनी मला कचरा समजून चिमटीत उचलले आहे. पण मी कचरा नाही. कानामागे बसून ऐकायला मदत करणारे मी एक यंत्र आहे, आणि आता बरेच जुने झाले आहे. माझा स्वभाव पूर्वी असा चिडका नव्हता. तो तसा का झाला, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली माणसे तोंडे झाकून, डोक्याला टोप्या घालून काम करत. एका मुलीने भिंगाखाली मला धरले आणि चिमट्याने माझ्या पोटात केसासारख्या तारा बसवल्या. मग मला जाड भिंतींच्या एका खोलीत नेले आणि तिथे माझी परीक्षा झाली. कुजबुज, भांड्यांचा खणखणाट, रडणारे मूल, गर्दीचा रस्ता, सारे मला ऐकवले गेले. मी पास झाले. तेव्हा मला वाटले, जगात आवाज असतील तिथे आपली गरज असणारच. ही माझी पहिली चुकीची समजूत.

माझी मालकीण एक विधवा बाई. तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्या काळी परगावी फोन लावायचा तर मधे कोणीतरी माणूस लागत असे. बाई ते माणूस होत्या. समोरच्या पाटीवर दिवा लागला की त्याच्याखालच्या भोकात वायर खुपसायची आणि विचारायचे, "कोणता नंबर हवाय?" सारा जन्म दुसऱ्यांचे आवाज जुळवण्यात गेला, आणि म्हातारपणी स्वतःचेच कान रुसले. पण कबूल करतील त्या बाई कसल्या!

"मला चांगलं ऐकू येतं," त्या म्हणायच्या. "हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात."

"हो ना," त्यांची धाकटी लेक म्हणाली. "परवा मी विचारलं, डोकं दुखतंय का, तर तू म्हणालीस, दोडकं नको, भोपळा आण."

बाई हसल्या, आणि त्या हसण्यातच मला कानावर जागा मिळाली. कानाच्या भोकात घट्ट बसावा म्हणून माझ्या नळीच्या टोकाला त्यांच्या कानाच्या मापाचा साचा करून घेतला. मला लावून त्या घरी आल्या आणि आधी दारातच थबकल्या. त्यांना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

पुढची वर्षे फार छान गेली. सकाळी चष्मा आणि मी, हे दोघे डोक्यावर चढल्याशिवाय बाईंचा दिवस सुरू होत नसे. त्या वर्तमानपत्रातले शब्दकोडे मोठ्याने वाचत सोडवायच्या, खिडकीतून खालच्या भाजीवाल्याशी हुज्जत घालायच्या, आणि संध्याकाळी लेकीला फोन करून दिवसभराचा हिशेब द्यायच्या. बाईंची बडबड म्हणजे नळाची धार, कुणीतरी बंद केल्याशिवाय थांबायची नाही. थोरला मुलगा शेजारच्याच इमारतीत राहायचा. तो गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे घरातही त्याचे बोलणे म्हणजे हुकूम. "आई, बस. आई, जप. आई, डावीकडे बघ." बाई म्हणायच्या, "याच्यापेक्षा हे यंत्र बरं. जेवढं ऐकायचं तेवढंच ऐकवतं, आणि याला बंदही करता येतं."

मग एके दिवशी बाई पडदे बदलायला स्टुलावर चढल्या. कोणी चढायला सांगितले नव्हते आणि कोणी अडवायलाही नव्हते. स्टूल कलंडले. खुब्याचे हाड मोडले.

हॉस्पिटलमध्ये सगळी धावपळ थोरल्याने केली. ते मी नाकारणार नाही. त्याने ऑपरेशनची वेळ ठरवून घेतली, रक्त मिळवले, रजा टाकली. ऑपरेशनच्या आधी सिस्टर आली आणि म्हणाली, "आजींचा चष्मा, कवळी, कानातलं यंत्र, सगळं काढून द्या." तेही बरोबरच होते. सुनेने मला काढून माझ्या डबीत ठेवले. गडबडीत माझा सेल तसाच चालू राहिला. डबी चष्मा आणि कवळीसकट एका रुमालात गुंडाळली गेली आणि पलंगाशेजारच्या कपाटाच्या खणात गेली. वर फायलीची पिशवी, पिशवीवर केळी, केळ्यांवर बिस्किटांचा पुडा. खण बंद झाला.

ऑपरेशन उत्तम झाले. डॉक्टरांनी तसे सांगितले आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंना परत खोलीत आणले. मी वाट पाहू लागले. आता शुद्ध येईल, आता कोणीतरी म्हणेल, अरे, आईचं यंत्र लावा.

कोणी म्हणाले नाही.

मित्रांनो, सेल संपला की माझी आवाज मोठा करण्याची ताकद जाते. ऐकण्याची खोड मात्र जात नाही. त्या खणातून मी सगळे ऐकत होते (जे दिसत नव्हते ते पुढे घरच्यांच्या बोलण्यातून कळले), आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

"किती शांत झोपल्यात!" भेटायला आलेली शेजारीण म्हणाली.

"काहीच त्रास नाही हो त्यांचा," सून म्हणाली. "समोरच्या खोलीतले आजोबा नळ्या ओढतात, ओरडतात. आमच्या आई म्हणजे अगदी गुणी पेशंट."

"आराम करू दे तिला," थोरल्याने बजावले. "पडदे ओढून घ्या. उजेडाचा त्रास नको."

पडदे ओढले गेले. दिवस मावळला काय नि उगवला काय, त्या खोलीत एकच रंग. जेवणाचा ट्रे यायचा आणि तसाच परत जायचा. "झोपल्यात, उठवू नका," असे प्रत्येक जण पुढच्याला सांगायचा. पाण्याचा पेला भरलेलाच राहायचा. घरचे, शेजारचे, थोरल्याचे शिकाऊ ड्रायव्हर असे पाच-सहा जण एकदम यायचे आणि पलंगाभोवती उभे राहून एकमेकांशीच बोलायचे. बाईंना त्यातले काय पोचत होते? चष्म्याविना धूसर तोंडे, माझ्याविना नुसती गुणगुण. कवळी नसलेल्या तोंडाने त्या मधूनच काहीतरी पुटपुटायच्या. सगळे मायेने म्हणायचे, "स्वप्नात आहेत."

अहो, त्या बाई! ज्यांना शेजारच्या इमारतीत कोणाच्या घरी पाहुणे आले हे सांगितल्याशिवाय चैन पडत नसे, त्या बाई गप्प पडल्या होत्या, आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक चालले होते! मला हात असते तर मी आतून खण बडवला असता.

धाकटी बेकरीत काम करायची. पहाटेची भट्टी सांभाळून ती दुपारी आली. तिच्या कपड्यांना पिठाचा आणि भाजलेल्या पावाचा वास होता. तिने आईच्या कपाळावर हात ठेवला.

"दादा, आई अशी का आहे?"

"अशी म्हणजे कशी? झोपलीय."

"डोळे उघडे आहेत तिचे." ती वाकली. "आई, मी आलेय. ओळखलंस का?"

बाईंनी तिच्याकडे पाहिले. नजर तिच्या चेहऱ्यावरून घसरून भिंतीवर गेली. मग त्या हळू, पण अगदी नीट आवाजात म्हणाल्या, "कोणता नंबर हवाय?"

थोरला हसला. "बघ, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी ड्यूटी चालूच."

धाकटी हसली नाही. "हे हसण्यासारखं नाही, दादा."

"अगं, भूल उतरतेय अजून."

"भूल केव्हाच उतरायला हवी होती. वहिनी, आईनं काल काय खाल्लं?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने सुनेकडे पाहिले.

"आणि तिचं कानाचं यंत्र कुठाय? चष्मा?"

"घरी असेल," थोरला म्हणाला. "इथे हरवलं तर कोण जबाबदार? मीच सांगितलं होतं घरी न्यायला."

"मी नेलंय बहुतेक," सून म्हणाली. "का इथेच... मला आठवत नाही हो. त्या दिवशी डोकं ठिकाणावर होतं का माझं!"

मी इथे होते! हाताच्या अंतरावर! केळ्यांच्या खाली! धाकटी बेकरीतून दमूनभागून आली होती, तरी तशीच उठली आणि दादाच्या घरी गेली. तिने कपाटे उपसली, पर्स उलट्या केल्या, गाद्या वर केल्या. संध्याकाळी ती रिकाम्या हाताने परत आली. तोपर्यंत कोणीतरी एक केळे काढायला माझा खण उघडून पुन्हा बंद केला होता.

तिने सिस्टरला गाठले. सिस्टर अनेक खाटांच्या मधे पळत होती. "वय झालं की होतं असं, ताई. थोडी गडबडतात माणसं," असे सांगून ती पुढे गेली. तिचाही राग करवत नव्हता, पण मला आला. वय काय त्या खोलीत आल्यावर झाले होते? पडण्याच्या आदल्या दिवशी याच बाईंनी शब्दकोडे पुरे करून त्यातली छापण्यातली चूक दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी धाकटीने बेकरीतून सुट्टी घेतली आणि राउंडला येणाऱ्या डॉक्टरबाईंची वाटच अडवली.

"डॉक्टर, माझी आई शांत नाहीये. ती इथे नाहीच आहे."

डॉक्टरबाई थांबल्या. खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसल्या आणि मोठ्या आवाजात विचारले, "आजी, आठवड्याचे वार उलटे म्हणता का? रविवारपासून."

"रविवार," बाई म्हणाल्या. मग खूप वेळाने, "लाइन लागत नाही."

थोरल्याच्या चेहऱ्यावरचे हसू पहिल्यांदाच उतरले. "वेड लागलंय का तिला?" त्याने विचारले. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"वेड नाही. याला डिलिरियम म्हणतात. मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होऊ शकतो. समोरचे आजोबा ओरडतात, म्हणून त्यांचा सगळ्यांना कळला. तुमच्या आई गप्प आहेत, म्हणून कळला नाही. गप्प भ्रम असाच नजरेतून सुटतो." त्या धाकटीकडे वळल्या. "तुम्ही सांगितलंत हे फार बरं केलंत. त्या मूळच्या कशा आहेत, हे आम्हाला कुठून कळणार? ते घरच्यांनीच सांगायला हवं."

मग त्यांनी लघवीची तपासणी सांगितली. औषधांचा कागद पाहून गुंगी आणणारी एक गोळी बंद केली. वेदना आहेत का, पोट साफ झालं का, पाणी किती गेलं, हे विचारले. शेवटच्या प्रश्नावर पुन्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"पडदे का ओढलेत? दिवसा उजेड हवा त्यांना. चष्मा नाही? ऐकायचं यंत्र लावतात का?"

"लावते," धाकटी म्हणाली. "पण सापडत नाहीये." आणि डोळे पुसायला रुमाल हवा म्हणून तिने खण उघडला. बिस्किटे बाजूला झाली, केळी बाजूला झाली, फायलीची पिशवी बाजूला झाली. तिने रुमाल ओढला आणि मी डबीसकट टणकन जमिनीवर पडले, मागोमाग चष्मा आणि कवळी.

सून मटकन खाली बसली आणि रडू लागली. "मीच ठेवलं होतं. माझ्याच हातानं."

तुम्हाला वाटेल, आता जादू झाली असेल. मलाही तसेच वाटले होते. पण माझा सेल संपला होता. सून डोळे पुसत खाली धावली. औषधाच्या दुकानात तो सेल नव्हता. रस्त्यापलीकडच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. थोरल्याने घाईघाईत मला आईच्या उलट्या कानात कोंबले. मी शिट्टी मारू लागले. बाई दचकल्या, त्यांनी मला उपटले आणि फेकून दिले. मी हात धुण्याच्या भांड्यापासून बोटभर अंतरावर जाऊन पडले.

"बघ! नकोय तिला ते!" थोरला ओरडला.

"दादा, तो तिचा डावा कान आहे. यंत्र उजव्या कानाचं आहे," धाकटी म्हणाली. "आणि तू ओरडू नकोस. पोरांना गाडी शिकवताना ओरडतोस तसा ओरडतोयस."

"मला शिकवू नकोस तू! इथे दिवसरात्र मी बसलोय!"

"बसलास, पण बोललास का तिच्याशी? एकदा तरी?"

थोरला खिडकीकडे गेला आणि पाठमोरा उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने स्वतःच पडदा सारला. उजेड आत आला तेव्हा त्याचे खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले. "सकाळी तिनं मला साहेब म्हटलं," तो म्हणाला. "म्हणाली, साहेब, माझी बदली करा. मला वाटलं, चेष्टा करतेय. मला तसंच वाटून घ्यायचं होतं."

त्या दिवसापासून त्या खोलीचे वळण बदलले. एका वेळी एकच माणूस आत, आणि आत येणारा आधी समोर बसून आपण कोण ते सांगणार. चष्मा पुसून डोळ्यांवर, कवळी तोंडात, मी उजव्या कानावर. समोर एक मोठे घड्याळ. पाण्याचे घोट थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा. दिवसा खुर्चीत बसणे, संध्याकाळी गोंगाट बंद, झोपताना दिवे मंद आणि मी डबीत. बाई काही भलतेच बोलल्या तर वाद नाही. "आई, तू हॉस्पिटलमध्ये आहेस. हाड बसवलंय. मी इथेच आहे." तेच ते. पुन्हा तेच ते. धाकटी हे विसाव्यांदाही पहिल्यांदा सांगितल्यासारखे सांगायची. थोरल्याचा पाचव्याच खेपेला संयम सुटायचा, मग तो बाहेर चक्कर मारून यायचा आणि सहाव्यांदा सांगायचा.

तरी अडचणी संपत नव्हत्या. मित्रांनो, मला माणसांचे हेच कळत नाही. आजच्या माणसाला समजलेले उद्याच्या माणसाला कोणी सांगतच नाही! नवी पाळी आली की नवी सिस्टर मला काढून ठेवायची. एकदा चादरीबरोबर मी धुण्याच्या गठ्ठ्यात गेले होते, सुनेने गठ्ठा सोडून मला शोधले. शेवटी तिने मोठ्या अक्षरांत एक पाटी लिहून पलंगाच्या उशाशी चिकटवली, "आजींना यंत्राशिवाय ऐकू येत नाही." खण उघडला की ती अजूनही तोंड फिरवायची. तिला कोणी बोलले नव्हते, पण तिच्या मनाला ते लागले होते.

चालवण्याचे काम मात्र थोरल्याने घेतले. व्यायाम शिकवणारे डॉक्टर वॉकर देऊन गेले होते. बाई उठायला तयार नव्हत्या. तेव्हा तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि नवशिक्या शिकाऊंशी बोलतो तसे, पण अगदी हळू म्हणाला, "घाई नाही. आधी समोर बघ. आता क्लच हळूहळू सोड. हां. गाडी बंद पडली तरी चालेल, परत सुरू करू."

बाईंनी एक पाऊल टाकले. थांबल्या. मग म्हणाल्या, "मेल्या, गाडीच्या मागे हॉर्न कोण वाजवतंय?"

दारातून खरोखरच औषधांची गाडी किरकिरत येत होती. बाईंना ती ऐकू आली होती. थोरला हसला आणि त्याने औषधांच्या गाडीला थांबायची खूण केली.

बाई घरी आल्या, पण साऱ्याच आल्या असे नाही. कित्येक आठवडे त्यांना दुपार झाली की गोंधळायला व्हायचे. शब्दकोडे आता अर्धेच सुटते, आणि अर्धे राहिले की त्या वर्तमानपत्र रागाने घडी करून ठेवतात. एकदा त्यांनी लेकीला सांगितले, "समोरच्या पाटीवरचे सगळे दिवे लागले होते बघ. मी वायर खुपसत होते आणि पलीकडून कोणीच बोलत नव्हतं. मला वाटलं, सगळी माणसं मेली." धाकटीने त्यांचा हात धरला. मी कानावरच होते. मला तो खण आठवला आणि माझी तार न् तार पेटली. सगळा भ्रम माझ्यामुळे टळला असता, असे मी म्हणत नाही. डॉक्टरबाईंनीही तसे म्हटले नव्हते. पण थोडा तरी टळला असता. निदान त्या भीतीत बाईंना आपल्या माणसाचा आवाज तरी ऐकू आला असता.

पुढच्या वर्षी बाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. पुन्हा ऑपरेशन. या वेळी घरच्यांनी आधीच डॉक्टरांना सगळे सांगितले. दाखल करून घेणारा माणूस म्हणाला, "यंत्र आत्ताच काढून घरी पाठवा, हरवेल." थोरला म्हणाला, "ऑपरेशनच्या दारापर्यंत राहू दे. दारात मी काढून घेईन. आणि शुद्धीवर आल्यावर आधी मला आत सोडा." तो माणूस नियम सांगू लागला. थोरला हलला नाही. सून आणि धाकटी त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. सिस्टरने मोठ्या डॉक्टरांना विचारले आणि परवानगी मिळाली.

सारा वेळ मी थोरल्याच्या मुठीत होते. मूठ घामाने भिजली होती. नवा सेल त्याच्या खिशात, जादा सेल सुनेकडे, चष्मा धाकटीकडे. आतून हाक आली तसा तो गेला, वाकला आणि मला उजव्या कानावर नीट बसवले. बाईंच्या पापण्या थरथरत होत्या.

"आई! ऑपरेशन झालं! आज मंगळवार आहे! मी थोरला! मी इथे आहे!"

बाईंनी एक डोळा उघडला. "ओरडतोस काय," त्या म्हणाल्या. "ऐकू येतंय मला."

मित्रांनो, तुमच्या घरातले म्हातारे माणूस हॉस्पिटलमध्ये असेल, तर एवढे कराच. त्यांचा चष्मा, कवळी आणि माझ्यासारखे यंत्र कोणी, कुठे ठेवले ते विचारा, आणि वेळ आली की परत लावा. पडदे उघडा. जवळ बसा, पाणी पाजा, आज कोणता वार ते सांगा. आणि ते फार शांत पडून असतील तर कौतुक करू नका. जवळ जाऊन हाक मारा. उत्तर नीट आले नाही, तर डॉक्टरांची वाट अडवायला लाजू नका.